काट्याला न दिसणारी वीज

सांगलीच्या गावभागात मोटार चालवणारी बाई लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती अनसूया. त्यातून ती डॉक्टर. त्यामुळे तिची गाडी दवाखान्यातून बाहेर पडली की टांगेवाले घोडे बाजूला घ्यायचे आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बोलणं अर्धं टाकून बघत राहायच्या. गाडी काही देखणी नव्हती. महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, रंग उडालेली, वर कापडी छत असलेली जुनी अमेरिकन मोटार होती ती. पण मिरजेच्या पुढच्या वाड्यावस्त्यांवर अडलेल्या बाळंतिणीला तिचा आवाज ऐकू आला, की घरातले लोक म्हणायचे, "आली गं बाई, आता भ्यायचं न्हाई."

मोटार आणायची कल्पना तिच्या यजमानांची, विष्णुपंतांची. हायस्कुलात ते पदार्थविज्ञान शिकवत. सासूबाईंनी कपाळाला हात लावला तेव्हा तेच म्हणाले होते, "आई, पोट फाडून मूल बाहेर काढते ती, तिला चाक फिरवता येणार नाही?" मिरज रस्त्यावर शेजारी बसून त्यांनीच तिला गाडी शिकवली. रविवारी अंगणात झाकण उघडून इंजिन समजावून सांगितलं. वीज बॅटरीतून कुठं निघते, दिव्याकडे कशी जाते, परत कशी येते, हे पाटीवर काढून दाखवलं. "वीज आळशी असते, अनसूया. वाट मिळाली की चालली. तू कामाला लावलीस की नाही, याची ती वाट बघत नाही." वसंत व्याख्यानमालेत स्त्रियांच्या स्वावलंबनावर बोलताना त्यांनी घरचाच दाखला दिला आणि टाळ्या पडल्या. बायकांच्या रांगेत बसलेल्या अनसूयेला लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. आपल्या मैत्रिणींपैकी कुणाला असा नवरा मिळाला नाही, हे ती मनातल्या मनात रोज एकदा तरी म्हणायचीच.

संक्रांतीनंतर गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. लांबच्या फेऱ्या झाल्या की दुसऱ्या दिवशी ती मुकाट चालू व्हायची. पण एखादा दिवस दारात उभी राहिली, की सेल्फ, म्हणजे गाडी चालू करायचा पायाखालचा खटका, दाबल्यावर नुसतं 'टक्' व्हायचं. हँडल मारून हात भरून यायचे, पण बॅटरीच मेलेली असली तर ठिणगी कुठून पडणार?

"दिवे मालवले होतेस ना?" विष्णुपंत विचारायचे.

"मालवले होते. नक्की."

"नक्की असंच वाटतं गं माणसाला." ते हळुवारपणे म्हणायचे. "दमून येतेस तू. दमलेल्या माणसाच्या हातून राहतं. मी काय रागावतोय का?"

रागावत नव्हते, हेच तर होतं. पहिल्या वेळी अनसूयेनं ते ऐकून सोडून दिलं. मग ती गाडीतून उतरल्यावर दिव्याचं बटण दोनदा चाचपू लागली. मग दारापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा बघू लागली. तरी गाडी बंदच. हळूहळू हा संशय गाडीतून दवाखान्यात आला. पुडीत घातलेलं औषध ती पुन्हा ओतून बघायची. टाका घातला की गाठ बसली ना, हे तिचंच बोट तिला पुन्हा पुन्हा विचारायचं. कंपाउंडर आडून बघायचा आणि नजर वळवायचा. ज्या हातांवर आजवर विसंबून होती, ते हात तिला परके वाटायला लागले होते.

चैत्रात एका सकाळी अर्जुना दारात उभा राहिला. कवठे महांकाळच्या अलीकडच्या वाडीचा तो तरुण शेतकरी, उसनी सायकल मारत आला होता. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"बाई, शालूला पोरगी झाली फाटंचं. पर वार पडली न्हाई अजून. रगत लय न्हाई जात, पर थांबतबी न्हाई. आईनं सांगितलंय, बाईस्नी घिऊनच ये."

शालूला अनसूया ओळखत होती. मागच्याच महिन्यात तपासायला आली होती. पोटावर हात ठेवल्यावर गुदगुल्या होऊन हसली होती. पिशवी उचलून अनसूया धावत बाहेर आली आणि तिनं सेल्फ दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. तोही आवाज आला नाही.

टांगेवाले धावले, शेजारचा वाणी आला, अर्जुनानं तर गाडीला डोकंच लावलं. विष्णुपंत अंगात बंडी असतानाच बाहेर आले आणि त्यांनीही मागून खांदा दिला. नदीकडच्या उतारापर्यंत ढकलत नेली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. विष्णुपंतांच्या कपाळावर घाम आला होता. "मी टांगा बघतो," म्हणत ते धावलेही.

टांग्यानं मिरज, तिथं खोळंबा, मग एका भुसारी व्यापाऱ्याची लॉरी, लॉरीनं सोडल्यावर पुढं बैलगाडी. मोटारीनं सकाळच्या उन्हात पोचता आलं असतं तिथं ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. अंगणात बायका बसल्या होत्या. रडून झालेल्या बायका बसतात तशा. आत शालू भिंतीकडे तोंड करून निजल्यासारखी होती आणि तिची सासू रंगूबाई कोपऱ्यात त्या इवल्या पोरीला मधाचं बोट चाटवत होती.

अनसूया उंबऱ्यातच खाली बसली. रंगूबाईनंच तिला पाणी दिलं.

"तुमी तरी काय करनार, बाई? यंत्र त्ये. बैलसुदीक बसतो कवाकवा वाटंत."

तो शब्द अनसूयेला कुणी तोंडात मारल्यापेक्षा जास्त लागला. रंगूबाई तिला माफ करत होती, आणि ती मात्र मनात म्हणत होती: दिवा मीच चालू ठेवला असणार. माझ्या गलथानपणानं शालू गेली.

घरी आल्यावर विष्णुपंतांनी तिला जवळ बसवून घेतलं. "स्वतःला बोल लावू नकोस," ते म्हणाले. "होतं असं. मी तर म्हणतो, हे लांबलांबचं आता थोडं कमी कर. दवाखान्यात काय कमी माणसं येतात?" तिनं मान हलवली. त्या आठवड्यात तिनं दोन बोलावण्यांना नाही म्हणून सांगितलं.

पण नाही म्हटल्यावर झोप लागेना. आपली चूक असली तर ती कुठली, हे तरी डोळ्यांनी बघावं, असं तिच्या मनानं घेतलं. रोग्याला 'तुला बरं नाही' एवढंच सांगून कोणी घरी पाठवत नाही. ती बॅटरी काढून घेऊन मिरज रस्त्यावरच्या दादासोच्या शेडमध्ये गेली. दादासो पलटणीत मोटारी दुरुस्त करून आलेला गडी. त्यानं बॅटरी पुरी भरली, काही दिवस फळीवर नुसती ठेवून दिली आणि मग काचेची नळी बुडवून आतलं पाणी तपासलं.

"बॅटरी ठणठणीत हाय बाई. कायबी उतरली न्हाई. तुमच्या गाडीतच कुटंतरी खातंय."

मग त्यानं गाडी बघितली. डायनॅमो उघडला, वीज उलटी फिरू नये म्हणून बसवलेल्या कटाउटची टोकं चिकटलीत का ते बघितलं, साफ केली. सगळे दिवे बंद करून त्यानं समोरच्या फळीवरच्या अँपिअरच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा शून्यावर होता.

"आता ह्यो काटा खोटं बोलत न्हाई. गाडी काय खाईना झालीया." तो मान खाजवत म्हणाला. "बाई, राग धरू नगासा, पर दिवाच ऱ्हात असंल. मास्तरबी त्येच म्हनत हुते."

"मास्तर इथं आले होते?"

"व्हय की. मागं दोनदा. म्हनले, बाईस्नी जास्त काय सांगू नगंस, मनाला लावून घेत्यात."

त्यात वावगं काय? नवरा बायकोची काळजी करतो. अनसूयेनं तसंच समजून घेतलं. पण घरी येताना काट्याचं ते शून्य तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पाटीवरची आकृती तिला आठवत होती. बॅटरीतून जाडी तार निघते, पायाखालच्या सेल्फच्या खटक्याकडे येते, आणि तिथून पुढं काट्याकडे. काट्याच्या पलीकडे कुठं वीज गळत असती तर काटा हलला असता. तो हलत नाही. म्हणजे गळती असलीच तर ती अलीकडे आहे. आणि अलीकडे तर या गाडीत कोणताही दिवा नाही, भोंगा नाही, काही नाही.

पुढच्या रविवारी विष्णुपंत साताऱ्याला शिक्षकांच्या परिषदेला गेले होते. सासूबाई दुपारच्या पुराणाला गेल्या. अनसूयेनं पदर खोचला, पुढची फळी उचलली आणि बॅटरीची तार सोडवली. बॅटरीचं टोक आणि ती तार यांच्यामध्ये तिनं गाडीचाच एक लहान दिवा अडकवला. गाडीत सगळं बंद होतं. दिवा लागायला नको होता.

तो लागला. अगदी मंद, देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखा, पण लागला.

तिच्या तोंडून हुंदकाच बाहेर पडला. तो आनंदाचा होता. म्हणजे मी नाही! काहीतरी खरंच खातंय. माझे हात बरोबर होते! उन्हात, तेलानं माखलेल्या हातांनी ती एकटीच हसली.

मग तिनं एकेक तार सोडवायला घेतली. पुढच्या दिव्यांची सोडवली, मागच्या दिव्याची सोडवली, भोंग्याची, डायनॅमोची. दर वेळी परत येऊन बघायची. दिवा तसाच तेवत होता. शेवटी काट्याकडे जाणारी मुख्य तारही तिनं काढली. आता गाडीत बॅटरीला जोडलेलं काही उरलंच नव्हतं, आणि दिवा तरीही जळत होता.

ती पालथी पडून सेल्फच्या खटक्याखाली बघू लागली. जाड्या तारेच्या बुडाशी, त्याच मळसूत्राखाली, एक बारीक काळी तार दाबून बसवलेली होती. गाडीच्या बाकी तारा जुन्या, कापडी वेष्टणाच्या, विटलेल्या होत्या. ही नवी होती. फळीच्या कडेनं, चटईखालून, दर वितीवर नीट चिकटपट्टी लावून ती मागं नेली होती. अनसूया चटई उचलत उचलत मागच्या बैठकीपर्यंत गेली. गादी काढली. खालच्या खणात, हत्यारांच्या पिशवीमागं, फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. हाताला ऊन लागलं. ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकं.

तिनं फडकं सोडलं. लाकडी रिळावर गुंडाळलेली चकचकीत तार. विजेची वाट अडवायला शाळेच्या प्रयोगशाळेत असतात त्यातलं एक रीळ. एक टोक त्या काळ्या तारेला, दुसरं गाडीच्या लोखंडाला. दिवा नको, आवाज नको. रात्रंदिवस थोडी थोडी वीज तापून वाया जावी, एवढंच त्याचं काम.

ते रीळ तिच्या ओळखीचं होतं. संक्रांतीच्या सुमारास विष्णुपंत शाळेचं मोडकं सामान घरी दुरुस्तीला आणून झोपाळ्यावर बसले होते. "जरा ये, हे टोक ताणून धर," असं त्यांनी म्हटलं होतं. तिनं टोक धरलं होतं आणि ते सावकाश, एकाशेजारी एक वेढे घालत होते. गप्पा मारत. तिळाचे लाडू खात.

पुराणाहून सासूबाई आल्या तेव्हा अनसूया गाडीच्या फळीवर तशीच बसून होती. "काय गं, सापडलं का काही?" त्यांनी विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली.

विष्णुपंत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. हातपाय धुऊन, चहा घेऊन ते झोपाळ्यावर टेकले. परिषदेत कोण काय बोललं ते सांगू लागले. अनसूयेनं सगळं ऐकून घेतलं. तिला अजून वाटत होतं, की ते असं काही सांगतील की हे सगळं दुसऱ्याच कुणाचं ठरेल. मग तिनं ते रीळ त्यांच्या शेजारी ठेवलं.

झोपाळा थांबला. त्यांनी रिळाकडे बघितलं, तिच्याकडे नाही.

"तू शोधून काढशील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत."

"अनसूया, आधी ऐकून घे. मी थोड्या दिवसांसाठी केलं होतं. तू पहाटे जायचीस, रात्री यायचीस. शाळेत तपासनीस आले, तर मुख्याध्यापक ओळख करून देताना काय म्हणाले? 'हे आपल्या डॉक्टरीणबाईंचे यजमान.' मुलं हसली. माझीच मुलं. इतकी वर्षं शिकवतोय मी या गावात, आणि मला आता नावच राहिलं नाही." त्यांचा आवाज चिरकला. "मी तुला कधी नाही म्हणालो का? एकदा तरी?"

"म्हणाला असतात तर बरं झालं असतं," अनसूया म्हणाली. "मी भांडले असते. तुमच्याशी, आईंशी, सगळ्या गावाशी. तुम्ही मला माझ्याशीच भांडायला लावलंत. रोज सकाळी विचारायचात, दिवे मालवलेस का. रोज."

त्यांनी रीळ उचललं आणि सुटलेलं टोक वेढ्यात खोचलं.

"आणि त्या दिवशी? अर्जुना दारात उभा होता. तिची वार पडली नव्हती हे तुम्ही ऐकलं होतंत."

"त्या वेळी तार काढून काय उपयोग होता? बॅटरी उतरलेलीच होती. काढल्यानं ती भरणार थोडीच होती?" हे ते मास्तरांसारखं, चूक उत्तर दिलेल्या मुलाला समजावल्यासारखं बोलले, आणि बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं.

"मग खांदा कशाला लावलात गाडीला?"

विष्णुपंतांनी मान खाली घातली. "लोक बघत होते," ते पुटपुटले.

अनसूयेला वाटलं होतं, आपण ओरडू, रडू. त्यातलं काहीच झालं नाही. एवढंच जाणवलं, की व्याख्यानमालेतल्या त्या टाळ्या, मिरज रस्त्यावरचे ते रविवार, पाटीवरची ती आकृती, यातलं काय खरं होतं हे आता आपल्याला कधीच कळणार नाही. पुढचं आयुष्य तर त्यांनी नासवलंच होतं. पण मागचंही, ज्याच्या जोरावर ती उभी होती ते, त्यांनी हातातून काढून घेतलं होतं.

"हे बाहेर जाऊ देऊ नकोस," ती आत जायला वळली तसे मागून ते म्हणाले. "शाळेत तोंड दाखवता येणार नाही मला."

तिनं सकाळी एक ट्रंक दवाखान्यामागच्या खोलीत हलवली. सासूबाई दारात उभं राहून रडल्या. काय झालं हे त्यांना कुणीच सांगितलं नाही, आणि मोटारीच्या नादानं सून घर सोडून गेली, हेच त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. गावही तेच म्हणालं. अनसूया त्या घरात पुन्हा राहायला गेली नाही.

पण वाडीवर जायचं राहिलं होतं. रंगूबाईचं ते 'यंत्र त्ये' तिला गिळता येत नव्हतं. त्याच आठवड्यात सगळ्या तारा पुन्हा जोडून ती गाडी घेऊन निघाली. कोरड्या माळावरून धुरळा उडवत वाडीत पोचली तेव्हा रंगूबाई दारात शेंगा फोडत होती आणि अर्जुना दावं वळत होता. पोरगी झोळीत होती.

अनसूयेनं काही राखून ठेवलं नाही. गाडी आपण होऊन बंद पडली नव्हती. आमच्या घरच्या माणसानं ती बंद पाडली होती. मला ठाऊक नव्हतं, पण झालं ते असं झालं. एवढं सांगून ती थांबली.

अर्जुनाच्या हातातलं दावं थांबलं. तो उठला आणि शेताकडे चालू लागला. रंगूबाई शेंगांकडे बघत राहिली.

"ह्ये मला कशाला सांगाय आलायसा, बाई?" ती अखेर म्हणाली. आवाज चढा नव्हता. "यंत्रावर राग धरता येत न्हाई. म्हनून कसंबसं गप ऱ्हायलो हुतो आमी मायलेकरं. देवाची मर्जी म्हनत हुतो. आता तुमी त्या मानसाचं त्वांड माज्या डोळ्याम्होरं आनून ठिवलंसा. म्या काय करू त्येचं? सांगा. जाऊ सांगलीला? मारू त्येला? का रोज घास घेताना बगत बसू?"

खरं सांगितलं की ओझं उतरेल, अशी अनसूयेची समजूत होती. ते उतरलं नव्हतं. त्यातलं निम्मं या म्हातारीच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं.

"ह्ये पोटात ठिवून तुमी निजला असता का?" रंगूबाईनंच विचारलं.

"नाही."

"हां." म्हातारीनं सुपातली टरफलं फुंकली. "मंग तुमाला तरी काय म्हनू?"

झोळीतली पोरगी किरकिरली. रंगूबाईनं तिला उचलून घेतलं, क्षणभर छातीशी धरून ठेवलं, द्यावी की नको अशी, आणि मग अनसूयेच्या मांडीवर ठेवली.

"शेरडाचं दूध पचंना झालंय तिला. आलायसाच, तर बगा."

अनसूयेनं पोरीचं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, टाळू बघितली. दुधात पाणी किती घालायचं, कसं उकळायचं, ते सांगितलं. पुडीत औषध बांधलं. एकदाच बांधलं, पुन्हा सोडून बघितलं नाही. रंगूबाईनं ती पुडी कनवटीला खोचली.

"पुढल्या बाजारच्या दिशी या परत," ती म्हणाली. "पोरीसाठनं. मला काय सांगाय येऊ नगा."

"येते," अनसूया म्हणाली.

ती उठून गाडीकडे गेली. रंगूबाई सोडायला आली नाही. वाट शेताच्या कडेनंच जात होती. बांधावर अर्जुना पाठमोरा बसला होता. मोटार अगदी जवळून गेली, पण त्यानं मान वळवली नाही, आणि अनसूयेनंही भोंगा वाजवला नाही.